जागा रिकामीच आहे, मॅडम!

काचेच्या इमारतीचं उद्घाटन होतं तेव्हा फोटोत बिल्डर असतो, आर्किटेक्ट असतो, बँकेचे साहेब असतात. ती जमीन विकत घेण्याआधी तिच्या पोटात काय मुरलंय हे शोधायला आलेली बाई त्या फोटोत नसते. तिने शोधलेलं बरंचसं चारचौघांत निघायला नको असतं, त्यामुळे ती नसलेली सगळ्यांच्याच सोयीची. ती बाई म्हणजे मी. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या पट्ट्यातले कारखाने, गोदामं, गिरण्या यांच्या जागा ऑफिसांसाठी, मॉलसाठी, हल्ली डेटा सेंटरसाठी विकल्या जातात. अशा सौद्यांत घेणाऱ्याच्या बाजूने पर्यावरणाची तपासणी करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग.

गेटवर उतरलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "जागा रिकामीच आहे, मॅडम. बघण्यासारखं काही नाही." हे वाक्य जितकं लवकर येतं, तितके मी बुटांचे बंद घट्ट आवळते.

टोपणनावांचा कारभार

आमच्याकडे प्रत्येक सौद्याला टोपणनाव असतं. पक्षी, फुलं, किल्ले, नद्या, काहीही. खरं नाव ई-मेलमध्ये लिहायचं नाही, लिफ्टमध्ये बोलायचं नाही. कारण सरळ आहे. कारखाना विकायला काढलाय हे कामगारांना कळलं तर दुसऱ्या दिवशी गेट मीटिंग. शेजारच्या प्लॉटवाल्याला कळलं तर तो आपला भाव वाढवतो. म्हणून विकणारा सांगतो, "आमच्या माणसांना ताकास तूर लागू देऊ नका. इन्शुरन्सवाले आलेत म्हणून सांगू."

अशाच एका 'इन्शुरन्स'च्या पाहणीत मी बॉयलर हाउसच्या मागे फिरत होते. एक वयस्कर फिटर हळूच जवळ आला, खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली विम्याची पावती काढली आणि म्हणाला, "बाई, ही कधी पिकणार तेवढं बघून सांगा." मला कसनुसं झालं. त्याची नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं, आणि तो माझ्याकडे भविष्याची चौकशी करत होता. त्या दिवसापासून इन्शुरन्सचं सोंग मी घेत नाही. "जागेची पाहणी करतेय" एवढंच सांगते. ते खरंही असतं आणि कुणाच्या आशा वाढवतही नाही.

गंमत अशी, की आमच्या कामाची पद्धतच सांगते की जागेची माहिती असलेल्या माणसांशी बोला. आणि सौद्याची अट सांगते की कुणाशी बोलू नका. या दोन वाक्यांमधल्या फटीत माझी सगळी कारकीर्द गेली.

हा उद्योग आला कुठून?

याचं मूळ अमेरिकेत आहे. नायगारा फॉल्स शहरात लव्ह कनाल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. एका रासायनिक कंपनीने तिथे वर्षानुवर्षं पिंपांतला कचरा पुरला आणि १९५३मध्ये ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला १ डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत, पुढे काही झालं तर आमच्याकडे येऊ नका, असं खरेदीखतात लिहूनसुद्धा घेतलं. वर शाळा झाली, शेजारी घरं झाली. १९७८मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. त्यानंतर १९८०मध्ये अमेरिकेने जो कायदा केला त्याने जमिनीचे व्यवहार कायमचे बदलले. घाण कुणीही केलेली असो, आजचा मालकही सफाईच्या खर्चात अडकू शकतो, असं ठरलं. मग काय, घेणारे आणि कर्ज देणारे खडबडून जागे झाले. घेण्याआधी चौकशी केली होती हे दाखवता आलं तर बचाव करता येतो, म्हणून चौकशीची रीत ठरली. १९९३मध्ये तिची प्रमाण पद्धत छापली गेली आणि आजवर तिच्या आवृत्त्या निघताहेत.

या पद्धतीत पहिला टप्पा म्हणजे 'फेज वन'. जुने कागद, जुने नकाशे, जागेची पाहणी आणि माणसांच्या मुलाखती. माती-पाण्याला हातही लावायचा नाही. संशय आला तर दुसरा टप्पा, 'फेज टू': बोअर मारा, नमुने घ्या, लॅबला पाठवा. अमेरिकेत पहिल्या टप्प्यात सगळ्यात मोठा संशयित कोण, तर कोपऱ्यावरचा ड्राय क्लीनर. कपडे धुण्याचं त्याचं रसायन जमिनीत उतरतं आणि त्याची वाफ शेजारच्या दुकानांत वर येते.

आपल्याकडे हे काम धंदा म्हणून रुजलं ते २००५च्या मार्चनंतर, बांधकाम क्षेत्रात परकीय गुंतवणुकीची दारं मोकळी झाली तेव्हा. पैसा परदेशी, त्यामुळे अटीही परदेशी. त्याच सुमारास मी या कामात शिरले. हातात अमेरिकन पद्धतीची जाडजूड प्रत आणि समोर ठाणे-बेलापूर रोडवरचा बंद पडलेला कारखाना, अशी सुरुवात होती. त्या प्रतीत लिहिलेलं असायचं, अमुक वर्षाचे अग्निविम्याचे नकाशे पाहा. अमेरिकेतल्या शहरांचे असे नकाशे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्यावर कुठल्या खोलीत काय साठवलंय तेही सापडतं. आमच्याकडे काय? सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, एमआयडीसीचा भाडेकरार, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. सातबारा सांगतो पीक कोणतं होतं. संमतीपत्र सांगतं परवानगी कशाला होती. प्रत्यक्षात तिथे काय शिजत होतं, हे दोन्हींपैकी कुणी सांगत नाही.

ते सांगतो गेटसमोरचा चहावाला.

रंगखात्यावर पार्किंग

गिरणगावातली एक जागा होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर ती गिरणी कधी धड उभी राहिलीच नाही. पुढे १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायची वाट मोकळी केली आणि इथेही हळूहळू स्टुडिओ, ऑफिसं, उपाहारगृहं आली. आता एका गुंतवणूकदाराला उरलेला तुकडा हवा होता. हातात आलेला नकाशा स्वच्छ होता: मोकळी जागा, पार्किंग.

चहाच्या टपरीवर एक काका बसायचे. पूर्वी गिरणीत होते, आता सकाळचा पेपर वाचायला यायचे. मी विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या खात्यात?" त्या प्रश्नावर माणूस खुलला. ते साचेखात्यातले. पण सासरे रंगखात्यातले. उठून मला घेऊन चालायला लागले. जणू भिंती अजून उभ्याच आहेत अशा थाटात एका ठिकाणी वळले, एका ठिकाणी वाकले. "इथं दरवाजा ठेंगणा होता," असं म्हणून स्वतःच हसले. पार्किंगच्या मधोमध थांबून म्हणाले, "हे रंगखातं. आणि तुमची गाडी उभी आहे ना, तो गिरणीचा तलाव. यात रंगीत पाणी यायचं. गिरणी बंद पडल्यावर बॉयलरची राख टाकून बुजवला."

मी नकाशावर पेन्सिलीने तलाव काढला. पुढच्या टप्प्यात सगळे बोअर कुठे घ्यायचे ते त्या पेन्सिलीच्या रेघेने ठरलं. खाली खरोखर राखेचा थर लागला आणि त्याखाली काळपट निळसर चिखल. लॅबने त्यात जड धातू दाखवले. अहवालात त्या काकांचा उल्लेख कसा आला? 'परिसरातील माहीतगार व्यक्ती.' बस्स. वकील म्हणाले, नाव घालू नका. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की रंगखातं कुठे होतं हे कुणीतरी लिहून ठेवावं.

भिंतीवरची नळी

विकणाऱ्याची माणसं प्रामाणिक नसतात असं मला म्हणायचं नाही. बरेचदा त्यांना खरंच ठाऊक नसतं. मॅनेजर बदललेले असतात, मालकाची पिढी बदललेली असते. म्हणून मी आधी भिंती बघते.

महापेच्या बाजूच्या एका जागेत पाहणी जवळजवळ आटोपली होती. "जमिनीखाली टाकी?" "नाही, मॅडम. डिझेल ड्रममध्येच ठेवायचो." मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी नळी उभी होती. मनगटाएवढी जाड, गंजलेली, वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलेलं. कुणीतरी तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. जमिनीतून निघून आकाशात उघडणारी अशी नळी कुणी शोभेला लावत नाही. टाकीत तेल भरताना आतली हवा बाहेर जायला ती लागते. नळीच्या रेषेत चालत गेले तर बागेत पोचले. छान लॉन, मध्ये गणपतीचं छोटं देऊळ, आणि देवळाच्या डाव्या अंगाला गवत पिवळं.

माळीबुवा म्हणाले, "तिथं काही लावलं तरी जगत नाही. वर्षाला दोनदा माती बदलतो." खाली फर्नेस ऑइलची टाकी होती. बॉयलर गॅसवर गेल्यावर ती विसरली गेली आणि तिच्यावर बाग झाली. मॅनेजर माझ्याइतकाच चकित झाला. तो नंतर आलेला माणूस. टाकी बसवणारे निवृत्त झाले होते, कागद पावसाळ्यात भिजून गेले होते, आणि माळ्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

भंगारवाल्याचा अभ्यास

कारखाना बंद झाल्यावर आमच्याआधी भंगारवाला येऊन गेलेला असतो. त्याच्याइतका जागेचा बारकाईने अभ्यास कुणी केलेला नसतो. तांबं कुठे, शिसं कुठे, कुठल्या पिंपाला झाकण आहे आणि कुठल्याला नाही, सगळं त्याला पाठ. जुना ट्रान्सफॉर्मर रिकामा दिसला की मी त्याला गाठते. जुन्या काही ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायनं असायची. ती सहजी विघटित होत नाहीत, शरीरात साठून राहतात. भारतात २०१६च्या आदेशाने त्यांची निर्मिती आणि आयात बंद झाली आणि अशी जुनी उपकरणं वापरातून काढायला २०२५ अखेरची मुदत दिली गेली. "तेल काय झालं?" असं विचारलं तर एकाने सहज सांगितलं, "गेलं की. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक नेतात." तेल पीसीबीचं होतं की साधं, हे आता कळायचा मार्ग नाही. ते कुठल्या दाराच्या चौकटीत मुरलं तेही नाही.

छपराचे सिमेंटचे पत्रेही तसेच. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. आपल्याकडे ते आजही कायदेशीर आहेत. पण हातोड्याने फोडले की त्यातले बारीक तंतू हवेत जातात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात. पत्रे ओले करून, अखंड उतरवून, बांधून न्यावेत असं आम्ही अहवालात लिहितो. प्रत्यक्षात एक पोरगा वर चढलेला असतो, तोंडाला रुमाल बांधून, आणि खालून मुकादम ओरडत असतो, "लवकर फोड, टेम्पो थांबलाय!" आमच्या अहवालाची प्रत त्या पोरापर्यंत पोचत नाही, हे मला या धंद्यातलं सगळ्यात टोचणारं सत्य वाटतं.

माती धुऊन हवी की मातीच हवी?

फेज टूचे दिवस म्हणजे नुसता तमाशा. आपल्याकडे बोअर मारणाऱ्या मंडळींना सवय असते पायाच्या चाचणीची. पाण्याचा फवारा सोडायचा, काळा पाषाण लागेपर्यंत जायचं, ताकद मोजायची. मला मात्र पाणी नको. पाण्याने मातीतलं रसायन धुऊन गेलं तर मी तपासायचं काय? शिवाय एका बोअरमधून दुसऱ्यात जाताना दांडे साबणाने घासायचे आणि त्यांना ग्रीस लावायचं नाही. रिगवरचा फोरमन पहिल्या दिवशी कंबरेवर हात ठेवून म्हणाला होता, "मॅडम, आम्ही जमिनीत भोक पाडतो, भांडी घासत नाही." दुसऱ्या दिवशी त्याच्याच पोराने एका बोअरच्या मातीला नाक लावलं आणि खोकत मागे सरला. तेव्हापासून साबण मागवायचं काम फोरमनने स्वतःकडे घेतलं.

मातीचा नमुना झिप असलेल्या पिशवीत घालायचा, थोडा वेळ ठेवायचा आणि हातातल्या यंत्राची नळी आत खुपसून वाफ मोजायची. यंत्र परदेशी, हवा आपली. कोकणच्या दमट हवेत त्याचे आकडे भरकटतात, म्हणून आधी स्वच्छ मातीवर पारखून घ्यावं लागतं. मग तपकिरी काचेच्या बाटल्या, त्यावर लेबलं, आणि पेटीत बर्फ. नमुना गार राहिला नाही तर त्यातलं उडून जाणारं रसायन उडून जातं आणि लॅबचा कागद खोटा स्वच्छ येतो. औद्योगिक वसाहतीत बर्फ कुठे मिळणार? तो मिळतो मासळीबाजारात. एका कोळीणबाईकडून आम्ही नेहमी घ्यायचो. तिने एकदा विचारलं, "काय मासा घेऊन जातेस गो एवढ्या बर्फात?" मी म्हटलं, "माती." तिने माझ्याकडे जे बघितलं, ते मी आजही विसरले नाही. पण त्या दिवशी बर्फ मात्र तिने जास्तच घातला.

वाईट बातमीची किंमत

लोकांना वाटतं, जमिनीत काही सापडलं की घेणारा डोक्याला हात लावतो. नवशिकी होते तेव्हा मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात एकदा रात्री उशिरा परदेशी गुंतवणूकदाराच्या वकिलाचा फोन आला. मी बेतानेच सांगितलं की दोन बोअरमध्ये पेट्रोलियमचे अंश मर्यादेबाहेर आहेत. पलीकडून उत्साहात प्रश्न आला, "अजून काही सापडेल का?"

तेव्हा लक्षात आलं. सापडलेली घाण ही भाव पाडायची संधी असते. तळोज्याच्या किंवा रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर किती माती न्यावी लागेल, तिथे टनामागे काय पडेल, वाहतूक काय, वेळ किती जाईल याचा हिशेब आम्ही मांडतो. तो आकडा घेऊन घेणारा विकणाऱ्यासमोर बसतो. विकणाऱ्याचा सल्लागार तोच आकडा अर्ध्यावर आणतो. दोघं मध्ये कुठेतरी हस्तांदोलन करतात. म्हणून घेणाऱ्याला हवी असते माफक वाईट बातमी. भाव उतरेल इतकी वाईट, आणि सौदा मोडणार नाही इतकी माफक. आमच्यावर दबाव येतो तो दोन्ही बाजूंनी. एकाला परिच्छेद काढून हवा असतो, दुसऱ्याला तोच पहिल्या पानावर. आकडा जसा आला तसा लिहायचा आणि फोन बंद करून झोपायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

नाल्याकाठची करणी

गेल्या काही वर्षांत ऐरोली, महापे, पवई या भागांत डेटा सेंटर्सची रांग लागली आहे. त्यांची चिंता वेगळी. जमिनीपेक्षा त्यांना हवेची काळजी. शेजारून उघडा नाला जात असेल तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो. आपल्याला सडक्या अंड्यांचा वास येतो आणि आपण नाकाला रुमाल लावतो. सर्किट बोर्डाला रुमाल नसतो. त्यावरचं तांबं-चांदी हळूहळू काळं पडतं. मालाडला जुन्या कचराभूमीवर ऑफिसं उभी राहिल्यावर तिथले संगणक बिघडत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून हा प्रश्न मुंबईत सगळ्यांना कळला.

तपासायची रीत साधी आहे. तांब्याची आणि चांदीची चिमुकली पट्टी एका कार्डावर लावून महिनाभर जागेवर टांगायची आणि मग त्यावर किती गंज चढला ते मोजायचं. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा सौम्य. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्याशा काळेपणावर कोट्यवधींचा सौदा.

एका रिकाम्या प्लॉटवर नाल्याच्या कडेला आम्ही असं कार्ड टांगलं आणि आलो. पंधरवड्याने जाऊन पाहते तर कार्डाशेजारी लिंबू-मिरची आणि खाली हळद-कुंकू. वॉचमन घाबराघुबरा. "मॅडम, कुणीतरी करणी केलीय. चांदीचा तुकडा बांधून गेलेत. मी हात लावला नाही, उतारा तेवढा केला." हात लावला नाही यासाठी मी त्याचे मनापासून आभार मानले. बोट लागलं असतं तर सगळी मोजणी फुकट गेली असती.

या चाचणीत एक मेख आहे. नाला सगळ्यात जास्त घुसमटतो एप्रिल-मेमध्ये. पाणी आटलेलं, गाळ तापलेला. जुलैत धो धो पावसात तोच नाला स्वच्छ वाहतो आणि पट्टी चकचकीत राहते. त्यामुळे विकणाऱ्यांचा आग्रह असतो, "पावसाळ्यात करून टाका ना चाचणी." महिन्यावरून माणसाचा हेतू ओळखायला मी या पट्ट्यांमुळे शिकले.

शेणाचा टेम्पो

इमारत उभी राहिल्यावरही आमचं काम संपत नाही. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की २००६च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. म्हणूनच कितीतरी नकाशे त्या आकड्याच्या जरासे आतच थांबलेले दिसतात! मंजुरीबरोबर सांडपाणी शुद्धीकरणाची अट येते, आणि ते यंत्र तळघरात बसतं. त्यात काम करतात जिवाणू. त्यांना रोज खायला लागतं, आणि त्यांचं खाणं म्हणजे इमारतीतल्या माणसांचं सांडपाणी. शनिवार-रविवारी आयटी पार्क ओस पडला तरी ते कुपोषित होतात. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि हजारोंची वर्दळ असलेल्या इमारतीत उरले मूठभर सुरक्षारक्षक. जिवाणू उपाशी मेले.

परत ऑफिसं सुरू करायची तर यंत्र आधी जिवंत करायला हवं. उपाय जुनाच: शेण, गूळ, थोडा युरिया. एका आयटी पार्कसाठी आम्ही गोठ्यातून शेण मागवलं. टेम्पो नाक्यावर अडला. हवालदाराने ताडपत्री उचलली, नाक मुरडलं आणि विचारलं, "हे अत्यावश्यक सेवेत कुठं बसतं?" ऑपरेटरने संमतीपत्राची झेरॉक्स पुढे केली. हवालदाराने ती वाचली, शेणाकडे बघितलं, परत वाचली आणि म्हणाला, "जावा. पण आयटी पार्कात शेण नेताना पहिल्यांदाच बघतोय." काचेच्या त्या इमारतीच्या दर्शनी भागात हरित इमारतीची पितळी पाटी आहे. तिला जगवलं गोठ्याने.

'सर कधी येणार?'

बाई म्हणून काय अनुभव, हे मला हमखास विचारतात. सुरुवातीला गेटवर "सर कधी येणार?" असायचं. सेफ्टी शूज माझ्या मापाचे मिळायचे नाहीत. दोन जोड मोजे घालून पुरुषी बूट ओढत फिरायचे. बंद कारखान्यात स्वच्छतागृह नसायचं, म्हणून पाणी बेताने प्यायचं आणि दुपारपर्यंत डोकं धरायचं. हे सगळं हळूहळू सुधारलं. आता माझ्या टीममध्ये मुली जास्त आहेत.

पण बाई असण्याने एक दार उघडलं जे माझ्या पुरुष सहकाऱ्यांना कधी दिसलंच नाही. केबिनमध्ये चहा घेण्याऐवजी मी झाडूवाल्या मावशींबरोबर बसले. एका औषध कारखान्यात मॅनेजर तासभर बोलत होते आणि त्यात कामाचं एक वाक्य नव्हतं. मावशी हात धुता धुता म्हणाल्या, "पिंपं इथं धुवायची नाहीत म्हणून बोर्ड लावलाय ना, तो साहेब येतात तेव्हाच. एरवी कँटीनच्या मागं धुतात. पाय चुरचुरतात आमचे." कँटीनच्या मागे बोअर घेतला. त्या दिवसाची सगळी कमाई ती.

यादी येईल, माणसं?

जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी नियम काढले. संशयित जागा हेरायच्या, तपासायच्या, यादी करायची आणि घाण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा. घाण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या खटल्यातच ठामपणे मांडलं होतं. आता त्याला कार्यपद्धती मिळाली. मला याचा आनंद आहे. इतकी वर्षं आम्ही मातीचे आकडे कधी डच तर कधी अमेरिकन मर्यादांशी ताडत होतो.

पण यादी ऑफिसात बसून कागदांवरून होणार असेल तर तिच्यात त्या गिरणीचा तलाव येणार नाही, बागेखालची टाकी येणार नाही आणि कँटीनची मागची बाजूही येणार नाही. नव्या मुलींना मी म्हणूनच एक नियम घालून दिलाय: साइटवर विकणाऱ्याच्या एसी केबिनमध्ये जेवायचं नाही. डबा टपरीवर, गेटवर, मावशींच्या ओट्यावर उघडायचा. कारण घाई आहे. संपाच्या वेळी तिशीत असलेला रंगखात्यातला कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. तो असेपर्यंत चहाच्या एका कपात अख्ख्या जागेचा नकाशा मिळतो. त्याच्यानंतर तेच शोधायला बोअरचे पैसे मोजावे लागतील, आणि बोअर फक्त जिथे मारला तिथलंच सांगतो.